हमीदचाचांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता

हमीदचाचा, तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. हे आधीच सांगते, कारण मी गोड बोलायला लागले की तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचात आणि म्हणायचात, मुद्द्यावर ये गो.

मुद्दा असा की तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बू नासरांचा फोन आला. इथे कुवेतमध्ये कामाची माणसं मालकाला म्हणतात तसं तुम्ही त्यांना तीस वर्षं 'बाबा' म्हणत आलात, मला ते कधी जमलं नाही. सलवातलं ते मोठं घर त्यांचं, मागच्या खोलीतली काचेची कपाटं त्यांची आणि त्या कपाटांतली एकोणीस जुनी, निकेलचा मुलामा दिलेली रिव्हॉल्वरं त्यांच्याच नावावर, परवान्यासकट. ती जपायचं काम तेवढं तुमचं. फोनवर ते त्यांच्या त्या मुंबईछाप हिंदीत बोलले. म्हणाले, हमीदसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही. तीस वर्षांत एकच चूक झाली त्याच्या हातून, आणि तीसुद्धा डोळ्यांनी दगा दिला म्हणून. मग म्हणाले, शुक्रवारी ये, कपाटांच्या किल्ल्या तुझ्या हवाली करतो, हमीदची तीच इच्छा होती.

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि अबू हलीफातल्या आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत नुसती उभी राहिले. चाचा, ती एक चूक माझी होती. हे आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि तुम्ही मला एकटीला टाकून गेलात. किल्ल्या घेतल्या असत्या तर तुमच्या नावावरचा तो डाग मी कायमचा पक्का केला असता. नाकारल्या असत्या तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तुम्ही तर माझ्या तोंडाला कुलूप लावून ठेवलं होतं.

तुमच्या जनाज्याला मला येता आलं नाही. बायका जात नाहीत. माझा नवरा गेला होता. घरी येऊन म्हणाला, रत्नागिरी-रायगडची इतकी माणसं एका जागी मी इथे कधी पाहिली नव्हती, मी आपला मागे उभा होतो. बू नासर आले होते का, असं मी विचारलं. नव्हते आले.

सहा वर्षं झाली आपल्या ओळखीला. फहाहीलच्या त्या घड्याळांच्या दुकानात तुम्ही एका कोपऱ्यात डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचात. मी माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन आले होते आणि फोनवर आईशी तावातावाने भांडत होते. तुम्ही मान वर न करता विचारलंत, नाशकाची काय गो तू? मी म्हटलं, कशावरून? तर म्हणालात, पुण्याची असतीस तर हळू भांडली असतीस. मला हसू आवरेना. घड्याळ तुम्ही दहा मिनिटांत चालू केलंत आणि मी शुऐबाच्या कारखान्यात काय करते ते विचारून घेतलंत. गंज शोधते, म्हटलं. पाइप, टाक्या, त्यांच्यावरचे मुलामे, कुठे काय कुरतडलं जातंय ते बघायचं. तुमचं भिंग तेव्हा पहिल्यांदा डोळ्यावरून खाली आलं. म्हणालात, मग तुला एक गंमत दाखवायला हवी.

गंमत दाखवायच्या आधी तुम्ही माझी परीक्षा घेतलीत, तीही न सांगता. एक घासून चकचकीत केलेली पोलादाची पट्टी माझ्या हातात दिलीत, मिनिटभर धरायला लावलीत आणि मग कागदात गुंडाळून ठेवून दिलीत. पुढच्या आठवड्यात कागद उघडला तर पट्टीवर माझी पाचही बोटं तांबूस उमटलेली. तुम्ही कपाळाला हात लावलात. तुमच्या घड्याळवाल्यांच्या धंद्यात अशा माणसाला 'खाऱ्या हाताचा' म्हणतात आणि त्याला यंत्राजवळ फिरकू देत नाहीत. गंजाची इंजिनिअर, आणि जिथे हात लावील तिथे गंज, असं म्हणून तुम्ही मला वर्षभर चिडवलंत. सुती हातमोज्यांशिवाय एकाही नगाला हात लावायचा नाही, ही अट मात्र तुम्ही कधीच सैल केली नाहीत.

आमच्या घरी कोणाला हे पटत नव्हतं. शस्त्रं कसली जपायची, असं नवरा म्हणायचा, आणि खरं सांगते, पहिल्या शुक्रवारी मीही तुम्हाला तेच विचारलं होतं. तुम्ही चिडला नाहीत. एक नग कापसाच्या फडक्यावर ठेवलात आणि म्हणालात, बघ, याच्यातली ठोका देणारी सुई काढलेली आहे, हे आता काही मारायचं नाही. घड्याळ माझ्याकडे येतं ते चालू करायला. हे बंदच राहावं म्हणून मी येतो. तीस वर्षांत तुम्ही एकदाही चाप ओढला नाहीत, गंमत म्हणूनसुद्धा नाही. पाहुणे आले आणि कोणी हात पुढे केला की तुम्ही मध्ये चहाचा ट्रे सरकवायचात.

तुम्हीच मला निकेल बघायला शिकवलंत. मी आयुष्यभर निकेलवर काम केलेलं, तरी ते ओळखायचं कसं ते तुमच्याकडून कळलं. क्रोम निळसर असतं, निकेलला दुधाच्या सायीसारखी किंचित पिवळी झाक असते. ज्याचा चापसुद्धा चकाकतो त्याला नंतर कोणीतरी मुलामा चढवलाय, कारण मूळ कारागीर चाप आणि ठोका मारणारा घोडा निकेलमध्ये बुडवायचे नाहीत. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील तर समजायचं की कोणीतरी आधी घासून काढलंय. इराकचं सैन्य इथे होतं त्या सात महिन्यांत बू नासरांनी ही सगळी मेणकापडात बांधून बागेत पुरली होती, आणि बाहेर काढली तेव्हा जिकडे तिकडे ठिपके पडले होते. त्यानंतर काही वर्षांनी तुम्ही आलात. कुठला ठिपका मातीतला आणि कुठला त्याच्या आधीचा, हे तुम्ही बोटाने दाखवू शकत होतात.

आपलं भांडण तिथेच सुरू झालं आणि ते काही मिटलं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. मुलामा गेला की काढून टाकायचा आणि नवा द्यायचा. कारखान्यातल्या माझ्या लोकांना घेऊन मी महिन्याभरात एकोणीसच्या एकोणीस नवीकोरी करून दिली असती. तुम्ही म्हणायचात, आणि मग ती कुणाची? मूठ जिथे झिजलेय तिथे कोणाचा तरी अंगठा वीस वर्षं टेकलाय, तो तू पुसून टाकणार? मी म्हणायचे, चाचा, हा भाबडेपणा झाला, धातूला आठवण नसते. तुम्ही म्हणायचात, धातूला नसते, पण आपल्याला असते ना. मग आपण दोघं अर्धा तास गाल फुगवून बसायचो आणि मेण लावायचो.

आता त्या संध्याकाळचं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि आजपर्यंत मी ती कोणाला सांगितलेली नव्हती, नवऱ्यालाही नाही. नवव्या नगाच्या नळीवर एक हिरवट डाग होता आणि तो माझ्या डोक्यात गेला होता. कारखान्यातून मी एका बाटलीत डाग काढायचा द्रव आणला होता. तुम्ही झाकण उघडून वास घेतलात, डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणालात, नाय, हे नको. मगरिबची अजान झाली, तुम्ही नमाजला आत गेलात. मला वाटलं, हा माणूस येईपर्यंत डाग साफ करून दाखवते, म्हणजे यांचं तोंड एकदाचं बंद होईल. फडकं भिजवलं आणि नळीला गुंडाळून ठेवलं.

त्या द्रवात अमोनिया होता. अमोनिया तांबं खातो. हे मी कारखान्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते, फळ्यावर लिहून सांगते. पण या नगाच्या निकेलखाली तांब्याचा पातळ थर असेल, ही शंकासुद्धा मला आली नाही. मुलाम्याला नळीच्या तोंडाशी एक केसाएवढी चीर होती. द्रव तिच्यातून आत शिरला. तुम्ही परत आलात, फडकं उचललंत, आणि त्याच्याबरोबर नखाएवढं निकेल उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं वर आलं. नळी साध्या तेलाने चार वेळा पुसलीत आणि ती बाटली तुमच्या पिशवीत टाकलीत.

तेवढ्यात बू नासर आत आले. त्यांनी नळी पाहिली आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी, बाबा. नजर कमी झालीय माझी."

तुमची नजर. फहाहीलच्या त्या कोपऱ्यात घड्याळाची केसाएवढी कमान पहिल्या फटक्यात जागेवर बसवणारा माणूस. तुम्हाला कशाचा अभिमान असेल तर त्या डोळ्यांचा होता, आणि तोच तुम्ही उचलून देऊन टाकलात. बू नासर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सर्वांत वरच्या खणातला त्यांच्या आजोबांचा नग काढला, तोच, जो आजोबांनी मुंबईला मोती विकायला गेले असताना घेतला होता, आणि आत नेऊन ठेवला. म्हणाले, हा आता मी बघेन. ज्या एका नगासाठी तुम्ही दर शुक्रवारी धुतलेलं फडकं आणायचात, तो त्या दिवसानंतर तुम्हाला दिसला नाही.

गाडीत मी तुमच्याशी जोरात भांडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, मला ते माफ करतील, तुला दारातून आत घेणार नाहीत, आणि माझ्यामागे हे बघणार कोण? मी म्हटलं, मी उद्याच्या उद्या जाऊन सांगते. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "मी हाय तोवर तू तोंड उघडायचं नाय." पुढच्या शुक्रवारी तुम्ही चष्मा लावून आलात. मी तो तुमच्या नाकावरून काढून बघितला तर साध्या काचेचा. खोटं बोललो तर नीट बोलायला हवं ना, असं म्हणून तुम्ही हसलात. सलवाला गेलं की चष्मा, दुकानात आलं की खिशात. दोन वर्षं तुम्ही हे नाटक केलंत, आणि मी दर शुक्रवारी तुमच्याशेजारी बसून ते बघितलं. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

पण चाचा, तुम्ही 'मी हाय तोवर' म्हणाला होतात. मी इंजिनिअर आहे, जेवढं लिहिलंय तेवढंच पाळते.

आज जुम्म्याची गर्दी पांगते न पांगते तोच मी सलवाला पोहोचले. आपण असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर जायचो, आज मला तेवढा दम निघाला नाही. बू नासरांनी किल्ल्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या, शेजारी चहा. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, किल्ल्या राहू द्या, आधी एक ऐका. नववा नग मी खराब केला. हमीदचाचा नमाजला गेले होते, त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी केलं. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. तो चष्मा साध्या काचेचा होता.

बू नासरांनी चहाचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे हमीद माझ्याशी खोटं बोलला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळा विचार करून आल्याचा तोरा मिरवणारी मी, तुमची चूक पुसायला आले आणि तिच्या जागी तुमचं खोटं ठेवून बसले. क्षणभर वाटलं, तुमचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी मान खाली घातली नाही. म्हटलं, हो, तीस वर्षांत एकदा, आणि तेही माझ्यासाठी. ते उठून आत गेले. आता ड्रायव्हर येऊन मला दार दाखवणार, अशी मी मनाची तयारी केली.

ते स्वतःच परत आले. हातात आजोबांचा नग, चामड्याच्या पाकिटात. चाचा, चामड्यात. दोन उन्हाळे. चामडं कमावताना लावलेलं आम्ल, वर समुद्राची दमट हवा, आणि आत निकेल. त्यांनी बटण उघडून नग बाहेर काढला आणि मला बघवेना. चापाभोवती हिरवा गंज, नळीवर धुकं बसल्यासारखे पांढुरके डाग, एका बाजूला बारीक खड्डेच खड्डे. त्यांनाही ते आजच नीट दिसलं असावं; त्यांनी नग टेबलावर ठेवला आणि पाकीट दूर सारलं. म्हणाले, हमीदने मला एकदाच विचारलं होतं, बाबा, चामड्यातून काढून ठेवलाय ना? मी त्याला म्हटलं, ते आता तुझं काम नाही.

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला किती लागलं असेल, याचा विचार मी गाडी चालवत घरी येताना केला, आणि मंगफच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

बू नासरांनी मला विचारलं, मुहंदिसा, हा नवा करून देशील? मुहंदिसा म्हणजे इंजिनिअरबाई, ते मला कायम तसंच म्हणतात. जे ऐकायला मी सहा वर्षं तुमच्याशी भांडले, तेच ते विचारत होते. आठ दिवसांचं काम, तुम्ही अडवायला नाही. मी हातमोजे घातले आणि नग उचलून उजेडात धरला. मुठीच्या वर, अंगठा टेकतो तिथे, निकेल झिजून खालचं पोलाद दिसत होतं, गुळगुळीत. ते चामड्याने केलेलं नव्हतं. मी म्हटलं, नाही. हिरवं काढते, मेण लावते, आहे तिथे थांबवते. गेलेलं गेलं. नवा मुलामा दिला तर तुमचे आजोबाही जातील. हे एवढंच कबूल करते आहे, चाचा. बाकीच्या अठरांबद्दल माझं मत कायम आहे, उगाच फुगू नका.

मग ते म्हणाले, हमीद कुठे आहे? मी म्हटलं, सुलैबिखातच्या कबरस्तानात. ते उठले, गाडीची किल्ली घेतली. म्हणाले, मला त्याची माफी मागायची आहे, आत्ताच जातो. कबरीवर नाव नसतं, कचेरीत सांगावं लागेल. हमीदच्या बापाचं नाव काय?

मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. तीस वर्षं ते आणि सहा वर्षं मी, आणि आम्हा दोघांना तुमच्या वडिलांचं नाव माहीत नव्हतं. ते दारात उभे, मी टेबलाशी, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

मी हर्णैला रुकय्याचाचींना फोन लावला. तुम्ही गेल्यापासून आमचं एकदाच बोलणं झालं होतं, तेही दोघी रडण्यात. आज मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, चाचांनी ती स्वतःवर घेतली, बू नासर माफी मागायला निघालेत, कबर शोधायला सासऱ्यांचं नाव हवंय. चाचींनी नाव सांगितलं, मी ते कागदावर लिहून घेतलं आणि बू नासरांच्या हातात दिलं. मग चाचींनी विचारलं, तिथे आता दोन वाजले असतील ना गो? मी म्हटलं, हो, दोनच वाजलेत.

"मग त्यांना म्हणावं, आत्ता नको जाऊ. जुम्म्याचं जेवून आमचे हे जरा पडतात. असर झाल्यावर जा."

मी ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. बू नासरांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बसले, मीही समोर बसले. असरची अजान होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, अगदी हळू बोलत.